हार्ड डिस्कचा पूर्ण बॅकअप आणि रिस्टोअर: कोल्हापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे घरचा कॉम्प्युटर नुसता घरचा क्वचितच असतो. त्यावर दुकानाचं टॅली असतं, उद्यमनगरातल्या जॉबवर्कची ड्रॉइंग असतात, पोरांचे प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि शेतीच्या कागदपत्रांचे स्कॅन असतात. ही उत्तरं अशा घरांसाठी लिहिली आहेत. विंडोज १० आणि ११ गृहीत धरलं आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवतो. मग पूर्ण डिस्कचा बॅकअप कशाला?

फाइल कॉपी करता तेव्हा फाइलच वाचतात. ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर, त्याचं सेटिंग, प्रिंटरचे ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीतली कंपनीची मांडणी यांतलं काहीच त्यात येत नाही. डिस्क गेल्यावर दुकानदार नवीन डिस्कवर विंडोज मारून देतो, ते काम काही तासांचं असतं. त्यानंतर एकेक सॉफ्टवेअर शोधून टाकण्यात आठवडा जातो. काहींच्या सीडी हरवलेल्या असतात, काहींच्या लायसन्सची चिठ्ठी सापडत नाही.

मराठी टाइपिंगचं आणि डीटीपीचं काम करणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका, अहवाल, संस्थांच्या घटना आजही कितीतरी घरांत आहेत. तो नेमका फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. पूर्ण डिस्कचा बॅकअप असेल तर फॉन्ट, कीबोर्ड आणि जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं परत येतं.

फाइल कॉपी करणं सोडू नका. रोजच्या कामासाठी ते ठीक आहे. पण त्याच्या जोडीला पूर्ण बॅकअप हवाच.

इमेज आणि क्लोन यांत फरक काय?

इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कचा मजकूर एका मोठ्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये बांधून ठेवणं. एका बाहेरच्या डिस्कवर अशा अनेक तारखांच्या इमेज राहतात. क्लोन म्हणजे एका डिस्कवरचं सगळं थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. ती दुसरी डिस्क कॉम्प्युटरात बसवली की लगेच चालते, पण तिच्यावर एकच तारीख असते आणि तिच्यावर आधी जे होतं ते पुसलं जातं. हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकायची असेल तर क्लोन करा. नियमित बॅकअपसाठी इमेज घ्या.

इमेज घेताना नेमकं काय काय निवडायचं?

डिस्कवर दिसणारे सगळे भाग, आणि न दिसणारेही. विंडोजच्या डिस्कवर सी ड्राइव्हच्या आधी एक छोटा ईएफआय भाग असतो, साधारण १०० ते २६० एमबीचा. कॉम्प्युटर चालू होताना पहिली पायरी तिथे असते. शिवाय रिकव्हरीचा एक भाग असतो. फक्त सी ड्राइव्ह निवडून इमेज घेतली आणि ती नव्या कोऱ्या डिस्कवर उतरवली, तर डेटा सगळा येतो, पण विंडोज सुरूच होत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क' निवडा, 'ड्राइव्ह' नको.

आपल्याकडे दुकानातून कॉम्प्युटर घेतला की सी आणि डी असे दोन भाग करून देतात, आणि लोक महत्त्वाचं ते डी वर ठेवतात. डी ड्राइव्ह सुरक्षित आहे अशी समजूत फार पसरलेली आहे. विंडोज पुन्हा टाकताना डी वाचते, एवढंच त्यात खरं आहे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कवर असतात, आणि डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात.

सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

आधी विंडोजमधलंच बघू. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' या जागी 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' असा पर्याय आजही आहे. त्याच्या शेजारी विंडोज ७ चं नाव दिसतं, कारण तो तेव्हापासूनचा आहे. फुकट आहे, काही डाउनलोड करावं लागत नाही. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं आणि दुसरं सॉफ्टवेअर वापरायचा सल्ला दिला. त्याची एक अडचण वारंवार आडवी येते: मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ही इमेज उतरत नाही. ती 'विंडोजइमेजबॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये जाते. त्या फोल्डरचं नाव बदललं किंवा तो दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकला, तर रिस्टोअरच्या (इमेज परत उतरवण्याच्या) वेळी इमेज सापडत नाही. हौसेने फोल्डरला तारखेचं नाव देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोफत पर्यायांत घरच्या वापरासाठी व्हीम एजंटची मोफत आवृत्ती आणि हॅस्लिओ बॅकअप सूट हे दोन चांगले आहेत. दोन्हींत पूर्ण डिस्कची इमेज घेता येते, वेळापत्रक लावता येतं, बूटचा (कॉम्प्युटर चालू करायचा) पेनड्राइव्ह बनवता येतो आणि इमेजमधून सुटी फाइल काढता येते. क्लोनझिला आणि त्याचीच सोपी बहीण रेस्क्यूझिला हे विंडोज बंद ठेवून, पेनड्राइव्हवरून चालवायचे प्रकार आहेत. फार भरवशाचे आहेत, पण वेळापत्रक लावता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी स्वतः बसून करावं लागतं. मॅक्रियम रिफ्लेक्टचं नाव जुन्या लेखांत सतत दिसेल. त्याची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीपासून बंद आहे, म्हणून इकडून तिकडून जुनी फाइल मिळवून टाकू नका. अनेक कंपन्या आपल्या डिस्कबरोबर बॅकअप किंवा क्लोनचं सॉफ्टवेअर मोफत देतात. त्यांची डिस्क जोडलेली असेल तरच ते चालतं.

माझा सल्ला असा: घरातल्या ज्या माणसाला रिस्टोअर करावं लागणार आहे, त्याला ज्याची स्क्रीन समजते ते सॉफ्टवेअर निवडा. आणि क्रॅक केलेलं बॅकअप सॉफ्टवेअर कधीच वापरू नका. आपल्या अख्ख्या डिस्कची किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे ते.

विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप आहेच. ते पुरत नाही का?

नाही. ते काही ठरावीक फोल्डर, सेटिंग आणि ॲपची यादी वनड्राइव्हवर पाठवतं. पूर्ण डिस्क त्यात येत नाही, आणि बाहेरून टाकलेलं टॅली किंवा कॅडसारखं सॉफ्टवेअर त्यातून तयार होऊन परत मिळत नाही. 'सिस्टिम रिस्टोअर' हाही बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर राहतो, डिस्कबरोबर जातो आणि तुमच्या फाइल परत आणत नाही.

बाहेरची डिस्क केवढी घ्यायची?

कॉम्प्युटरवर जेवढा डेटा प्रत्यक्ष भरलेला आहे त्याच्या दुप्पट तरी. इमेज घेताना रिकामी जागा सहसा वगळली जाते आणि उरलेलं थोडं दाबून लहान केलं जातं. ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० जीबी भरलेलं असेल, तर इमेज ३०० च्या आत बसते. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते आणखी लहान होत नाहीत. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती खोटी नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि इमेज अर्ध्यावर अडते किंवा तिचे तुकडे करावे लागतात. पेनड्राइव्हवर इमेज ठेवू नका. स्वस्त पेनड्राइव्ह न सांगता मरतात.

कपाटात महिनोन् महिने ठेवायची असेल तर एसएसडीपेक्षा साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. एसएसडीतला डेटा विजेच्या भारावर टिकतो, आणि जुनी झालेली एसएसडी दीर्घकाळ न जोडता ठेवली तर तो भार हळूहळू उतरतो.

वेळ किती लागतो?

यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टाला साधी हार्ड डिस्क जोडली तर सेकंदाला सुमारे १०० एमबी जातात, म्हणजे ३०० जीबीला तासभर. यूएसबी २ च्या काळ्या पोर्टाला तीच डिस्क लावली तर तीन तास. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट बरेचदा जुनं किंवा सैल असतं, म्हणून मागचं वापरा. पहिला बॅकअप रात्री लावा. पुढचे बॅकअप फक्त बदललेल्या भागाचे घेता येतात आणि ते काही मिनिटांत होतात.

बॅकअप चालू असताना काम केलं तर चालतं का?

चालतं. विंडोज त्या क्षणाचं एक स्थिर चित्र धरून ठेवतं आणि इमेज त्यावरून बनते. तरी टॅली आणि मोठ्या फाइल बंद करूनच सुरू करा.

बूटचा पेनड्राइव्ह म्हणजे काय, आणि तो इतका का महत्त्वाचा?

डिस्क मेली की विंडोज सुरू होत नाही. विंडोज सुरू होत नाही म्हणजे बॅकअपचं सॉफ्टवेअरही सुरू होत नाही, कारण ते त्याच डिस्कवर होतं. अशा वेळी कॉम्प्युटर एका छोट्या पेनड्राइव्हवरून चालू करावा लागतो आणि तिथून इमेज वाचावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये 'रेस्क्यू मीडिया', 'रिकव्हरी मीडिया' किंवा 'इमर्जन्सी डिस्क' अशा नावाने हा पेनड्राइव्ह बनवायचा पर्याय असतो. ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं.

ज्यांच्याकडे इमेज आहे आणि पेनड्राइव्ह नाही, अशी माणसं फार भेटतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो नंतरही बनवता येतो, हे खरं. पण त्या दिवशी दुसरा कॉम्प्युटर शोधा, इंटरनेट शोधा, आवृत्ती जुळवा, यात दिवस जातो. इमेज घ्याल त्याच बैठकीत पेनड्राइव्ह बनवा, आणि लगेच कॉम्प्युटर त्यावरून एकदा चालू करून बघा. चालू करताना डेल आणि लेनोवोमध्ये बहुतेक एफ१२ दाबावं लागतं, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९. आपल्या मशीनला कुठलं बटण लागतं ते कागदावर लिहून पेनड्राइव्हला बांधा. पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर दोन गोष्टी पाहा: कॉम्प्युटरची आतली डिस्क यादीत दिसते का, आणि बाहेरच्या डिस्कवरची इमेज दिसते का. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आतली डिस्क कधी कधी दिसत नाही, कारण तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. पेनड्राइव्ह बनवताना तो ड्रायव्हर घालायची सोय असते. हे आज कळलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

बिटलॉकरचं काय?

हा प्रश्न हल्ली वाढला आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं), आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि घरातल्या कुणालाच ते माहीत नसतं. डिस्क हलवली, मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या खात्यात सहसा सापडते. ते खातं बरेचदा दुकानदाराने घाईत बनवून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आजच खातं तपासा, की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

आणखी एक. विंडोज चालू असताना घेतलेली इमेज एन्क्रिप्टेड नसते. म्हणजे बाहेरची डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येईल. सॉफ्टवेअरमध्ये इमेजला पासवर्ड लावायची सोय असेल तर लावा, आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. पासवर्ड विसरलात तर इमेज गेली, त्यावर उपाय नाही.

बॅकअप कधी कधी घ्यायचा?

ज्या घरात रोज हिशेब होतो तिथे आठवड्यातून एकदा. नुसते फोटो आणि अभ्यास असेल तर महिन्यातून एकदा पुरे. त्याखेरीज काही दिवस ठरलेले असावेत. जगभर ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपतं, म्हणजे दुकानवाल्यांना वेगळी आठवण ठेवायला नको. दुसरा दिवस पावसाळ्याआधीचा, मेच्या अखेरीचा.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्याच. 'फॉरमॅट मारू का?' या प्रश्नाला आपण फोनवर घाईत हो म्हणतो, आणि डेस्कटॉपवरच्या फाइल त्यात जातात. विंडोजची मोठी आवृत्ती बदलण्याआधीही घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरीच घरं आता ११ वर जात आहेत. ११ मधून मागे फिरायची सोय साधारण १० दिवसच राहते. इमेज असेल तर वर्षानेही मागे येता येतं.

बॅकअपची डिस्क कुठे ठेवायची?

या पानावरचं कुठलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ती कॉम्प्युटरला सतत जोडलेली नको, त्याच टेबलाच्या खणात नको, आणि एक प्रत तरी त्या घरात नको. जगभर यासाठी ३-२-१ असा नियम सांगतात: डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि १ घराबाहेर. कोल्हापुरात हा नियम पुस्तकी वाटायचं कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला, दसरा चौकात, सुतारवाड्यात आणि नागाळा पार्कात शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं होतं. लोकांनी कॉम्प्युटर माळ्यावर चढवले, पण वायरींच्या गुंत्यात टेबलाखाली राहिलेली छोटी डिस्क कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून दोन डिस्क ठेवा. एक घरी, वरच्या कपाटात. दुसरी उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे: तुम्ही पंचगंगेकडच्या भागात असाल तर आर. के. नगरला मावशीकडे, किंवा गडहिंग्लजला भावाकडे. महिन्या-दोन महिन्यांनी सणावाराला जाल तेव्हा अदलाबदल करा. पुण्याला मुलाकडे ठेवली तर आणखी चांगलं, फक्त दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता हे विसरू नका. त्या दिवसांत पुण्याची डिस्क हाती येत नाही. एक जवळ आणि एक लांब असेल तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

पावसाळ्यात पातळी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की शेवटचा बॅकअप घेऊन डिस्क हलवा. त्यानंतर वीज कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि वीज गेल्यावर बॅकअप होत नाही.

घरी ठेवताना डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची दमट हवा डिस्कला मानवत नाही.

पुरात डिस्क भिजली तर?

वीज अजिबात लावू नका. 'चालते का बघू' म्हणून एकदा लावलेली डिस्क पुन्हा वाचवणं फार अवघड होतं. उन्हात वाळवू नका, ड्रायर मारू नका, तांदळात पुरू नका. बहुतेक हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथून आत गेलेला गाळ वाळला की प्लेटवर घट्ट बसतो. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे लवकरात लवकर न्या. डिस्क गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे उघडून घेऊ नका. ती धूळमुक्त खोलीतच उघडायची असते. हा खर्च मोठा असतो आणि यश हमखास नसतं.

क्लाउडवर ठेवलं तर हे सगळं लागतं का?

फोटो आणि कागदपत्रांसाठी क्लाउड उत्तम आहे, कारण ते आपोआप घराबाहेर असतं. पूर्ण डिस्कसाठी ते जड जातं. गूगलवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी फुकट मिळतात, त्यात ३०० जीबीची इमेज बसत नाही. शिवाय वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह तुमच्या फोल्डरशी जुळवून घेत राहतात. तुम्ही फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, आणि कचरापेटीत काही दिवसच राहते.

रॅन्समवेअर आलं तर बॅकअप वाचतो का?

जोडलेला असेल तर नाही. अशा प्रकारचा व्हायरस त्या क्षणी कॉम्प्युटरला दिसणाऱ्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल कुलूपबंद करतो, त्यात बॅकअपची डिस्कही आली. बॅकअप झाला की डिस्क 'इजेक्ट' करून काढा. आणि एकच इमेज ठेवून तिच्यावरच नवी लिहीत राहू नका. व्हायरस गेल्या आठवड्यात आला असेल तर गेल्या आठवड्याच्या इमेजमध्येही तो असतो. दोन-तीन जुन्या तारखा हाताशी हव्यात.

घेतलेला बॅकअप खरंच चालतो का, हे कसं ओळखायचं?

'बॅकअप सक्सेसफुल' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ लिहिताना अडचण आली नाही, इतकाच. तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, सॉफ्टवेअरमधलं 'व्हेरिफाय' किंवा 'चेक इमेज' चालवा. दुसरी, इमेज उघडून आतून चार फाइल बाहेर काढा: एक फोटो, एक एक्सेल, टॅलीचं डेटा फोल्डर आणि एखादी जुन्या फॉन्टची फाइल. त्या खरोखर उघडून बघा, नुसती नावं बघू नका.

तिसरी पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मी ती प्रत्येकाला कळकळीने सांगतो. वर्षातून एकदा तरी पूर्ण रिस्टोअर करून बघा, पण चालू डिस्कवर नव्हे. एक जादा एसएसडी घ्या, कॉम्प्युटर बंद करून मूळ डिस्क काढा, जादा डिस्क बसवा आणि पेनड्राइव्हवरून इमेज उतरवा. विंडोज सुरू झालं, तुमचं वॉलपेपर दिसलं, टॅली उघडलं, प्रिंट निघाली, की तुमच्याकडे बॅकअप आहे. डेस्कटॉपवर हे घरी जमतं. लॅपटॉप उघडायची भीती वाटत असेल तर राजारामपुरीतल्या किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे बसून, आपल्या समोर करून घ्या. त्या जादा एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, मूळ डिस्क गेली की तीच बसवायची.

रिस्टोअर प्रत्यक्षात कसं करायचं?

सगळ्यात आधी थांबा. जुनी डिस्क अजून थोडीफार चालत असेल तर तिच्यावर रिस्टोअर करू नका. ती बाजूला काढून नवी बसवा, म्हणजे शेवटच्या बॅकअपनंतरच्या फाइल कदाचित तिच्यातून काढता येतील.

मग बाहेरची डिस्क आणि बूटचा पेनड्राइव्ह जोडा, बाकी सगळ्या यूएसबी डिस्क काढा. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करा, रिस्टोअर निवडा आणि इमेजची तारीख निवडा. त्यानंतर सॉफ्टवेअर विचारतं की कुठल्या डिस्कवर उतरवायचं. इथे घाई अजिबात नको. यादीत डिस्क ०, डिस्क १ असे नुसते आकडे असतात, आणि चुकून बाहेरची डिस्क निवडली तर बॅकअपच पुसला जातो. कंपनीचं नाव आणि जीबी वाचून, दुसऱ्या माणसाला दाखवून मगच पुढे जा. सगळे भाग निवडलेत ना ते बघा. संपल्यावर पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर चालू करा.

क्लोन केला असेल तर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख एकच असते आणि विंडोज गोंधळतं.

मधेच लाइट गेली तर?

बॅकअपच्या वेळी गेली तर ती इमेज अपुरी राहते, आधीच्या इमेज सहसा सुरक्षित असतात. रिस्टोअरच्या वेळी गेली तर समोरची डिस्क अर्धवट लिहिली जाते, बॅकअप शाबूत राहतो. पुन्हा पहिल्यापासून करा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवा. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

१ टीबीची हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी टाकायची आहे. इमेज उतरेल का?

भरलेला डेटा ५०० जीबीत आरामात मावत असेल तर व्हीम किंवा हॅस्लिओसारखं सॉफ्टवेअर भाग लहान करून उतरवू शकतं. विंडोजची स्वतःची सोय आणि क्लोनझिला यांना समोरची डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. उलट लहानाकडून मोठ्याकडे गेलात तर शेवटी रिकामी जागा उरते, ती 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जोडून घ्यावी.

जुन्या कॉम्प्युटरची इमेज नव्या कॉम्प्युटरवर चालेल?

विंडोज १० आणि ११ नव्या मशीनशी बरंच जुळवून घेतात, पण खात्री नाही. मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं, ते सोबत येत नाही. टॅलीचं लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं. डोंगल (पोर्टाला लावायची लायसन्सची चावी) लागणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल जपून ठेवा, इमेजमध्ये तो येत नाही. नव्या मशीनवर नवं विंडोज घालून इमेजमधून फाइल काढून घेणं हा स्वच्छ मार्ग आहे.

रिस्टोअर झालं, पण विंडोज सुरू होत नाही.

आधी बायॉस बघा. मदरबोर्डची बॅटरी उतरल्याने किंवा बायॉस रीसेट झाल्याने डिस्कचा मोड (कॉम्प्युटर डिस्कशी बोलतो ती पद्धत) बदललेला असतो, एएचसीआयचा रेड किंवा उलट. पूर्वी जो होता तो लावा. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आणि नवं मशीन फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने चालू होणारं असेल तरीही सुरू होणार नाही. हे दोन्ही ठीक असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. बॅकअपच्या पेनड्राइव्हवरही बहुधा बूट दुरुस्तीचा पर्याय असतो.

डिस्क टकटक आवाज करतेय. आता बॅकअप घेऊ?

आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा. अशा डिस्कवरून पूर्ण इमेज घेण्यासाठी तासन् तास वाचन होतं आणि त्यातच ती संपते. आवाज नाही, पण कॉम्प्युटर मंद झालाय, फाइल उघडताना अडकतात, असं असेल तर आधी सगळ्यात मोलाचे फोल्डर काढा आणि मग इमेज घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात पिवळा 'कॉशन' दिसला की त्याच आठवड्यात डिस्क बदला.

मॅक आणि लिनक्ससाठी?

मॅकमध्ये २००७ पासून टाइम मशीन आहे. बाहेरची डिस्क जोडा, चालू करा, झालं. नवा मॅक घेतला तरी त्यातून सगळं उतरतं. लिनक्सवर टाइमशिफ्ट प्रणालीपुरता ठीक आहे, पण तो मुळात होम फोल्डर धरत नाही, म्हणून पूर्ण डिस्कसाठी क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला वापरा.

सगळं परत आलं. आता जुनी डिस्क भंगारात देऊ का?

महिनाभर तरी ठेवा. एखादी फाइल नसल्याचं तीन आठवड्यांनीच लक्षात येतं. त्यानंतर, डिस्क चालू असेल तर तिच्यावरचं पूर्ण पुसून टाका. नुसता क्विक फॉरमॅट मारला तर फाइल परत काढता येतात. हार्ड डिस्कसाठी विंडोजमधल्या डिस्कपार्टची 'क्लीन ऑल' ही आज्ञा सगळीकडे शून्यं लिहिते. ती निवडलेल्या डिस्कवर परत न विचारता चालते, म्हणून डिस्कचा आकडा नीट बघा. एसएसडीसाठी तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. डिस्क बंदच पडली असेल तर उघडून तिच्या प्लेटांवर ड्रिलने छिद्रं पाडा, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालून, कारण काही प्लेटा काचेच्या असतात. मग ती ई-कचऱ्यात द्या.